साध्या लेथवरचे काम शिकू इच्छिणाऱ्यांसाठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, रबाळे, तुर्भे आणि तळोजा या भागांतील दहावी-बारावी झालेली मुले, त्यांचे पालक आणि मधल्या वयात नवे काम शोधणारे लोक टर्नर व मशिनिस्टच्या कामाबद्दल जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या यंत्रांचे शिक्षण हा वेगळा विषय आहे. त्याचा उल्लेख येथे जरुरीपुरताच येईल.

साध्या लेथवर काम करणे म्हणजे नेमके काय करणे?

चकात, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरलेला जॉब (घडवायचा धातूचा तुकडा) फिरतो आणि टूल (कापणारे हत्यार) हाताच्या चाकाने पुढे सरकवून त्याचे माप कमी केले जाते, एवढे बाहेरून दिसते. मात्र चाक फिरवण्याआधी कामगाराने बरेच काही ठरवलेले असते: जॉब तीन जॉच्या (पकडणाऱ्या दातांच्या) चकात धरायचा की चार जॉच्या, कोणती बाजू आधी फेस (सपाट) करायची, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा आधार लागेल का, सुरुवातीचा रफ कट किती घ्यायचा आणि फिनिशसाठी किती माल ठेवायचा. हा क्रम चुकला, तर प्रत्येक माप वेगवेगळे बरोबर येऊनही दोन व्यास एकमेकांशी समकेंद्री राहत नाहीत आणि तो शाफ्ट बेअरिंगमध्ये घालताच धडधडू लागतो. कमी झालेले माप परत मिळवायचे, तर वेल्डिंगने धातू चढवून पुन्हा उतरवावा लागतो आणि बारीक कामात तेही शक्य नसते. म्हणून या कामात कट घेण्याइतकाच वेळ विचार करण्यात जातो, आणि तो द्यावाच लागतो.

सगळीकडे सीएनसी आलेले असताना हाताचे यंत्र का शिकायचे?

या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे, तर आधी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. एकाच नमुन्याचे पाचशे नग काढायचे असतील, तर साधा लेथ सीएनसीशी स्पर्धा करू शकत नाही आणि त्याने ती करूही नये. केवळ तेच ते नग काढण्यासाठी हाताचा लेथ शिकणाऱ्याचे भविष्य अवघड आहे.

पण एकच नग हवा असतो, तोही तुटलेल्या नगाच्या जागी, ड्रॉइंग हाती नसताना आणि यंत्र बंद पडलेले असताना, तेव्हा गणित उलटे होते. झिजलेला शाफ्ट घेऊन कारखान्याचा माणूस दारात उभा असतो. त्या शाफ्टचे मूळ माप झिजेच्या खुणांवरून आणि त्यात बसणाऱ्या बेअरिंगवरून ओळखायचे असते, वाकलेला भाग डायल गेज (काट्याचे मापक) लावून शोधायचा असतो आणि नवा नग संध्याकाळपर्यंत द्यायचा असतो. हे सारे ओळखून, ठरवून, सीएनसीचा प्रोग्रॅम लिहून सेटिंग लागेपर्यंत जाणता टर्नर बहुतेक वेळा नग उतरवून मोकळा झालेला असतो.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. हाताच्या यंत्रावर धातूचा विरोध थेट तळहाताला कळतो. टूल बोथट होऊ लागले की चाक जड लागते, जॉब बारीक आणि लांब असला की तो टूलपासून दूर ढकलला जातो आणि मधोमध जाड राहतो, कट जास्त झाला की आवाज बदलतो. सीएनसीवरही या सर्व गोष्टी तशाच घडतात, परंतु तिथे त्या बंद दरवाजाच्या आड घडतात आणि पडद्यावरचे आकडे त्याबद्दल फारसे काही सांगत नाहीत. ज्याने त्या हाताने अनुभवलेल्या असतात, तो फक्त आवाज ऐकून फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) कमी करायचा की इन्सर्ट (टूलच्या टोकाचा बदलता येणारा कापणारा तुकडा) बदलायचा हे सांगू शकतो. प्रोग्रॅम लिहिणारे सॉफ्टवेअर दरवर्षी सुधारते आहे. जॉब कसा धरायचा, हा निर्णय मात्र अजून माणसालाच घ्यावा लागतो.

ठाणे आणि नवी मुंबईत हे काम खरोखर उरले आहे का?

उरले आहे, पण त्याचे स्वरूप बदलले आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. खाडीपलीकडे दिघ्यापासून नेरुळपर्यंत ठाणे-बेलापूर पट्टा उभा राहिला आणि रसायने, औषधे, इंजिनिअरिंग अशा कारखान्यांनी भरला. आज वागळे इस्टेटमध्ये जुन्या शेडच्या जागी काचेच्या इमारती दिसतात, आणि ऐरोली, रबाळे, महापे येथे आयटी पार्क व डेटा सेंटर आली आहेत. मोठ्या कारखान्यांतील टर्निंगचे विभाग, जिथे एकेका पाळीत लेथच्या रांगा चालत, ते बहुतेक गेले, आणि ते परत येतील अशी आशा कोणी दाखवू नये.

राहिले आहे ते दुरुस्तीचे आणि टूलरूमचे, म्हणजे साचे व डाय बनवण्याचे काम. तुर्भे, महापे, तळोजा येथील रासायनिक कारखान्यांत रिअ‍ॅक्टरच्या स्टररचे शाफ्ट, पंपाच्या स्लीव्ह, ग्लँड, कपलिंगचे बुश हे झिजणारे भाग सतत बदलावे लागतात. रबाळे आणि वागळे इस्टेटच्या गाळ्यांत प्लास्टिकचे मोल्ड आणि प्रेसच्या डाय बनतात व दुरुस्त होतात. हे काम गाजावाजा न करता चालते, त्याच्या जाहिराती फारशा येत नाहीत आणि माणूस बहुधा ओळखीतून शोधला जातो. त्यामुळे काम नाही असा समज होतो. शक्य असल्यास एखाद्या दुपारी रबाळ्याच्या लहान गाळ्यांच्या गल्लीतून पायी चालत जावे. कुठे कोणते यंत्र चालते आहे, हे प्रत्यक्ष पाहिल्यावर चित्र स्पष्ट होते.

आयटीआयमध्ये कोणता ट्रेड घ्यावा?

प्रवेशाच्या यादीत मराठी नावे दिसतात: कातारी म्हणजे टर्नर, यंत्र कारागीर म्हणजे मशिनिस्ट, जोडारी म्हणजे फिटर. तिन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत आणि दहावी उत्तीर्ण असणे आवश्यक असते. राज्यातील आयटीआयचे प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत ऑनलाइन होतात.

टर्नरचा भर लेथवर असतो. मशिनिस्टला लेथची ओळख होतेच, शिवाय मिलिंग, स्लॉटिंग, गिअर कटिंग आणि ग्राइंडिंगही शिकायला मिळते. फिटरला फाइल, ड्रिल, जुळणी आणि देखभाल अधिक असते. ज्याला दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये किंवा टूलरूममध्ये जायचे आहे, त्याने मिळत असल्यास मशिनिस्ट घ्यावा, असे माझे मत आहे. लहान वर्कशॉपमध्ये शाफ्ट उतरवणाऱ्यालाच त्यावर कीवे (चावी बसवायची खाच) कापायला सांगितले जाते आणि ज्याला दोन्ही येते, त्याला मालक सोडत नाही.

आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी करावी का?

अवश्य करावी. शिकाऊ उमेदवारीला १९६१ च्या कायद्याचा आधार आहे, त्या काळात विद्यावेतन मिळते आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. ठाण्याहून लोकलने जाता येण्याजोग्या अंतरावर परळ व माटुंगा येथील रेल्वेची वर्कशॉप आणि मुंबईतील नौदल गोदी ही शिकण्याची उत्तम ठिकाणे आहेत, कारण तिथे मोठी आणि विविध दुरुस्तीची कामे येतात. खासगी कारखाना निवडताना विद्यावेतनाचा आकडा नंतर पाहावा. आधी हे विचारावे की शिकाऊ उमेदवाराला यंत्र हाती देतात, की वर्षभर माल उचलायला आणि पॅकिंगला लावतात.

आयटीआय न करता थेट वर्कशॉपमध्ये शिकता येते का?

येते. या पट्ट्यातील कितीतरी निष्णात मिस्त्री हेल्पर म्हणूनच आत आले आणि उस्तादाच्या शेजारी उभे राहून शिकले. या वाटेने हात लवकर तयार होतो, परंतु ड्रॉइंग वाचणे आणि हिशेब करणे मागे राहते आणि प्रमाणपत्राअभावी मोठ्या कारखान्याचे दार बंद राहते. या मार्गाने जाणाऱ्याने रोज संध्याकाळी थोडा वेळ ड्रॉइंगसाठी राखून ठेवावा.

गणित किती लागते?

दहावीचे गणित पुरते, मात्र ते पक्के हवे. सर्वांत जास्त वापर फेऱ्यांच्या हिशेबाचा होतो. कापण्याचा वेग मीटर प्रति मिनिट घेऊन त्याला १००० ने गुणावे आणि ३.१४ गुणिले व्यास यांनी भागावे. एमएसचा (साध्या मऊ पोलादाचा) ५० मिलिमीटर व्यासाचा बार, हायस्पीड स्टीलचे टूल आणि ३० मीटरचा वेग धरला, तर मिनिटाला सुमारे १९० फेरे येतात. व्यास २५ झाला की तेच ३८० होतात. लेथवर नेमका तो आकडा नसतो, म्हणून जवळचा खालचा वेग निवडतात.

टेपरसाठी, म्हणजे निमुळत्या भागासाठी, त्रिकोणमिती लागते. मोठा व्यास ४०, लहान ३० आणि लांबी ५० मिलिमीटर असेल, तर व्यासांच्या फरकाला लांबीच्या दुपटीने भागून ०.१ मिळतो आणि कंपाउंड स्लाइड (टूल तिरके सरकवणारा भाग) सुमारे ५ अंश ४३ मिनिटांवर लावावी लागते. मिलिंगवर २८ दातांचा गिअर कापायचा असेल, तर इंडेक्सिंग हेडच्या (जॉब समान भागांत फिरवणाऱ्या जोडणीच्या) ४० ला, म्हणजे जॉबच्या एका फेऱ्यासाठी लागणाऱ्या हँडलच्या फेऱ्यांना, २८ ने भागून प्रत्येक दातासाठी हँडलचा एक पूर्ण फेरा आणि २१ छिद्रांच्या वर्तुळावर ९ छिद्रे असा हिशेब येतो. जुन्या इंची लीडस्क्रूच्या (आटे पाडताना टूल सरकवणाऱ्या स्क्रूच्या) लेथवर मेट्रिक आटे पाडताना १२७ दातांचा गिअर का लावतात, हे प्रत्येकाने एकदा स्वतः सोडवून पाहावे: एका इंचात २५.४ मिलिमीटर असतात आणि त्याची पाचपट बरोबर १२७ होते, त्यामुळे अपूर्णांक उरत नाही. असा हिशेब स्वतः सुटला, की चार्टवरील आकडे पाठ करण्याची गरज राहत नाही.

माप घेणे इतके अवघड का मानतात? मायक्रोमीटर तर सर्वांनाच वाचता येतो.

वाचणे सोपे आहे. थिंबलवर (मायक्रोमीटरच्या फिरत्या नळीवर) ५० भाग, एका फेऱ्याला अर्धा मिलिमीटर, म्हणून एक भाग ०.०१ मिलिमीटर, हे अर्ध्या तासात समजते. अवघड आहे ते आलेल्या मापावर किती विश्वास ठेवायचा हे समजणे.

उष्णतेचे उदाहरण घेऊ. पोलाद दर अंश सेल्सिअसला एका मीटरमागे सुमारे ११.५ मायक्रॉन वाढते. १०० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट रफ कटानंतर मायक्रोमीटरपेक्षा ३० अंशांनी गरम असेल, तर त्याचा व्यास सुमारे ०.०३४ मिलिमीटर जास्त दिसतो. त्या व्यासाला एच ६ फिट (मापातील फरकाची ठरलेली मर्यादा) मागितला असेल, तर एकूण मुभाच ०.०२२ मिलिमीटर असते. म्हणजे गरम जॉब मोजून ‘माप बरोबर आले’ असे समजणाऱ्याचा शाफ्ट थंड झाल्यावर सैल होतो, आणि चूक कुठे झाली हे त्याला कळतही नाही. मापांसाठी जगभर २० अंश हे प्रमाण तापमान मानतात. मे महिन्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ते कुठून येणार? पण जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही पोलादी असतील आणि एकाच तापमानाला आलेले असतील, तर दोन्ही सारखेच वाढलेले असतात आणि फरक जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून फिनिश कटाआधी जॉब थंड होऊ द्यावा, मायक्रोमीटर खिशात किंवा उन्हात ठेवू नये आणि घाई असली तरी ही दहा-पंधरा मिनिटे सोडू नयेत.

क्रॉस स्लाइडच्या, म्हणजे टूल जॉबकडे आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाच्या, डायलवरही डोळे झाकून विसंबू नये. काही लेथवर डायलचा एक भाग व्यासात कमी होणारे माप दाखवतो, तर काहींवर टूलची सरक दाखवतो, म्हणजे व्यास त्याच्या दुप्पट कमी होतो. नव्या यंत्रावर गेल्यावर टाकाऊ बारवर एक कट घेऊन हे आधी तपासावे. चाक पुढे जाऊन मागे घेताना स्क्रूमधील बॅकलॅश (मोकळी फिरक) काढल्याशिवाय वाचलेला आकडा निरुपयोगी असतो.

तयार इन्सर्ट मिळत असताना टूल स्वतः घासायला शिकावे का?

शिकावे, आणि सुरुवातीलाच शिकावे. हायस्पीड स्टीलचा तुकडा ग्राइंडरवर धरून त्याला सुमारे ८ अंशांचा क्लिअरन्स (धारेखालची मोकळीक) देताना धार कशामुळे कापते आणि कशामुळे नुसती घासते, हे जितके समजते, तितके दुसऱ्या कशानेही समजत नाही. एमएससाठी वरच्या पृष्ठाला उतार द्यावा लागतो. पितळेसाठी तो जवळजवळ सपाट ठेवतात, नाहीतर टूल आत ओढले जाते. आटे पाडण्याच्या टूलचा कोन मेट्रिकसाठी ६० अंश आणि जुन्या व्हिटवर्थ आट्यांसाठी ५५ अंश असतो, आणि दुरुस्तीच्या कामात दुसरा प्रकार अजूनही भेटतो. विचित्र आकाराचा खाचा किंवा आतला आटा करायचा असतो, तेव्हा बाजारात इन्सर्ट शोधण्यापेक्षा टूल घासणे लवकर होते. हायस्पीड टूल घासताना पाण्यात बुडवून थंड करता येते. ब्रेझ केलेले कार्बाइड मात्र गरम असताना पाण्यात बुडवू नये, त्याला तडे जातात. ग्राइंडिंग व्हीलवर अ‍ॅल्युमिनियम कधीही घासू नये.

स्टेनलेस स्टीलवर नवशिक्याचा जॉब का बिघडतो?

कारण तो घाबरून बारीक कट घेतो. ३०४ आणि ३१६ या जाती टूल घासले गेले की पृष्ठभागावर कडक होतात आणि पुढचा कट त्या कडक थरावरच येतो. शिवाय या धातूतून उष्णता लवकर वाहून जात नाही, ती टूलच्या टोकाशी साचते. म्हणून धार तीक्ष्ण ठेवावी, वेग कमी, फीड न थांबता आणि कट कडक थराच्या खाली जाईल इतका घ्यावा, कूलंट सतत चालू ठेवावे. रासायनिक कारखान्यांच्या कामात हा धातू रोजच येतो, त्यामुळे या पट्ट्यात काम करणाऱ्याला तो टाळता येत नाही.

अपघाताची भीती वाटते. ती रास्त आहे का?

रास्त आहे, आणि ती टिकवून ठेवावी. फिरत्या चकाजवळ हातमोजे कधीही घालू नयेत. मोजा अडकला की हात आत जातो. सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस, अंगठी, मनगटावरचा दोरा, गळ्यातली साखळी यांपैकी काहीही अंगावर नसावे. दोरा श्रद्धेचा असला तरी कामाच्या वेळी तो उतरवूनच ठेवावा. चकाची चावी चकात ठेवून हात सोडण्याची सवय एकदाही लागू देऊ नये, कारण यंत्र चालू होताच ती चावी गोळीसारखी उडते. लांब वळलेला धातूचा कीस हाताने ओढू नये, आकडीने काढावा. चष्मा सतत हवा. फिरत्या जॉबवर हाताने पॉलिश पेपर गुंडाळणारा अनुभवी माणूस दिसला, तरी त्याचे अनुकरण करू नये. ज्या वर्कशॉपमध्ये यंत्राचा आणीबाणीचा स्विच बिघडलेला असूनही काम चालू असते, तिथे शिकायला राहू नये, हे मी कोणत्याही पालकाला स्पष्टपणे सांगेन.

मुलींनी हा ट्रेड घ्यावा का?

घ्यावा. माप आणि धीर यांना ताकदीपेक्षा जास्त किंमत असते आणि जड जॉब उचलायला चेनपुली असते; तो एकट्याने उचलणे पुरुषांसाठीही चूकच आहे. मात्र नोकरी स्वीकारण्याआधी स्वच्छतागृह, कपडे बदलण्याची जागा आणि शिफ्टच्या वेळा प्रत्यक्ष जाऊन पाहाव्यात.

काम हाताला बसायला किती काळ लागतो?

साधा शाफ्ट ड्रॉइंगप्रमाणे उतरवणे काही महिन्यांत जमते. बेअरिंगचा फिट, आतले आटे, एक्सेंट्रिक (केंद्रापासून बाजूला असलेले व्यास) आणि लांब बारीक जॉब एकट्याने भरवशाने करायला बहुतेकांना तीन-चार वर्षे लागतात, आणि ज्याच्यासमोर विविध कामे येतात तो लवकर तयार होतो. एकाच प्रकारचा नग तीन वर्षे काढणाऱ्याने तीन वर्षांचा अनुभव मिळवला, असे मी मानत नाही.

पगार कसा ठरतो?

सुरुवातीला सर्वांचा जवळपास सारखाच आणि मोठा नसतो, हे लपवण्यात अर्थ नाही. तो वाढतो तो स्वतंत्रपणे काम पुरे करण्याच्या क्षमतेवर: ज्याला नुसते ड्रॉइंग दिले की पुढे विचारावे लागत नाही, त्याचा दर वेगळा असतो, आणि ज्याला ड्रॉइंगही न देता तुटलेला नग दिला तरी चालतो, त्याचा त्याहून वेगळा. नोकरी स्वीकारताना भविष्य निर्वाह निधी आणि राज्य कामगार विमा लागू आहे का, हे विचारून घ्यावे. हातांवर पोट असलेल्या कामात विम्याचे महत्त्व रोख पगारापेक्षा कमी नाही.

सीएनसीकडे कधी वळावे?

साध्या लेथवर फिट, आटे आणि बोरिंग (आतले भोक मापात मोठे करणे) स्वतः करता येऊ लागले, की लगेच. जी आणि एम कोड, म्हणजे सीएनसीला दिल्या जाणाऱ्या आज्ञा, शिकायला फार काळ लागत नाही. जी ०१ ने सरळ आणि जी ०२ ने गोलाईत टूल कसे जाते, हे लेथ चालवलेल्याला पहिल्याच दिवशी दिसते. टूल ऑफसेट (यंत्राला दिलेले टूलचे माप) लावणे, पहिला नग तपासून माप दुरुस्त करणे आणि बिघडलेल्या नगाचे कारण शोधणे ही सेटरची कामे आहेत आणि तीच पुढे नेणारी आहेत. केवळ दरवाजा उघडून नग बदलण्याच्या नोकरीत अडकू नये, कारण ते काम रोबोटिक हात करू लागले आहेत.

जुना लेथ घेऊन स्वतःचे काम सुरू करावे का?

काही वर्षे दुसऱ्याकडे दुरुस्तीचे काम करून गिऱ्हाईक ओळखीचे झाले असेल, तरच. जुना एचएमटी किंवा किर्लोस्कर लेथ चांगल्या स्थितीत मिळाला, तर आजही उत्तम काम देतो, पण रंग पाहून यंत्र घेऊ नये. सॅडल (टूल घेऊन लेथच्या लांबीत सरकणारा भाग) चकाजवळ सैल आणि टेलस्टॉककडे घट्ट लागत असेल, तर बेड, म्हणजे तो ज्यावर सरकतो तो पाया, चकाजवळ झिजलेला आहे. चक फिरवणाऱ्या स्पिंडलला डायल लावून, दांड्याने वर उचलून तो किती हलतो ते पाहावे. चकात बार धरून, आधाराशिवाय, दोन ठिकाणी बारीक कट घेऊन व्यास मोजावेत. फरक आला तर हेडस्टॉक (स्पिंडल असलेला भाग) बेडशी सरळ नाही किंवा बेडला पीळ आहे. पीळ असेल तर लेव्हल नीट लावून तो काढता येतो, झीज मात्र खर्चिक असते. गाळ्यात थ्री फेज वीजजोड आणि पक्का काँक्रीटचा पाया आहे, हे सौद्याआधी पाहावे.

शिकायला पहिल्या दिवशी जाताना सोबत काय न्यावे?

अंगाबरोबर बसणारा सुती शर्ट, बंद आणि जाड तळाचे बूट, सुरक्षा चष्मा, १५० मिलिमीटरची पोलादी पट्टी आणि एक वही. व्हर्निअर आणि मायक्रोमीटर पहिल्या दिवशी विकत घेण्याची घाई करू नये. वर्कशॉपमधील वापरून हात बसला की मग चांगल्या प्रतीचे घ्यावेत. वहीत प्रत्येक जॉबचे ड्रॉइंग, धातू, वापरलेले टूल, फेरे, फीड आणि शेवटी आलेले माप लिहावे, आणि जॉब नाकारला गेला तर त्याचे कारणही त्याच पानावर लिहावे.